'गेलो आहे', 'गेलो होतो' आणि इंग्रजीतले 'हॅव'-'हॅड'

प्रश्न थोडक्यात असा आहे : मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आता कार्यालयीन कामासाठी रोज इंग्रजी लिहावे लागणाऱ्या एका गृहस्थांना बारा काळांचा तक्ता शाळेपासून तोंडपाठ आहे, 'व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री'ही पक्के आहे, तरीही 'आय वेंट', 'आय हॅव गॉन' आणि 'आय हॅड गॉन' यांपैकी कोणते कुठे वापरावे हे ऐन वेळी ठरत नाही. 'हॅड' घातला की वरिष्ठ खोडतात आणि न घातला तर वाक्य अपुरे वाटते. हे का होते आणि यावर उपाय काय, असे त्यांनी विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे प्रौढांना इंग्रजी शिकवीत आलो आहे आणि त्या आधारावर एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो : दोष पाठांतराचा नाही. सावंतवाडीचा विद्यार्थी असो की गोंदियाचा, पाचवीपासून इंग्रजी शिकलेला असो की २००० नंतर पहिलीपासून शिकलेला, काळांच्या चुका जवळजवळ त्याच आणि त्याच ठिकाणी होतात. निव्वळ अज्ञानातून होणाऱ्या चुका इतक्या शिस्तीने होत नसतात. त्या मराठीच्या नियमांतून येतात, कारण आपण नकळत 'आहे'च्या जागी 'हॅव' आणि 'होता'च्या जागी 'हॅड' ठेवतो. रूपे जुळतात, पण अर्थ जुळत नाहीत. बारा चौकोनांचा तक्ता नेमकी हीच बाब सांगत नाही, कारण तो रूपे कशी बनतात एवढेच दाखवतो.

रूपांच्या बाबतीत तर आपल्याला भिण्याचे काही कारणच नाही. 'वॉक' या क्रियापदाची रूपे मोजून चार : वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. सर्वांत अवघड मानले जाणारे 'बी' घेतले तरी ती आठाच्या पुढे जात नाहीत. याउलट 'चालणे' या धातूची लिंग, वचन, पुरुष आणि काळ यांनुसार होणारी रूपे लिहायला बसलात तर वहीचे पान भरेल. शिवाय रूपांवरूनच काळ मोजायचे ठरवले तर इंग्रजीत काळ दोनच आहेत, भूत आणि अ-भूत, म्हणजे भूत नसलेला. 'विल' हे साहाय्यक क्रियापद आहे, भविष्यकाळाचा प्रत्यय नव्हे, आणि तक्त्यातले बाकीचे चौकोन म्हणजे 'बी' आणि 'हॅव' यांच्या जोडण्या आहेत, ही मांडणी भाषाभ्यासकांत बऱ्याच काळापासून रूढ आहे. तेव्हा बारा गोष्टी शिकायच्या आहेत ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. 'मी ते पत्र सोमवारीच पाठवले आहे' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. 'आहे'मुळे काम झाल्याची ग्वाही मिळते आणि 'सोमवारी' हा शब्द त्याच्या शेजारी सुखाने नांदतो. हेच वाक्य 'आय हॅव सेंट द लेटर ऑन मंडे' असे इंग्रजीत नेले की ते बिघडते, कारण इंग्रजीतला 'हॅव' झालेल्या गोष्टीकडे आजच्या ठिकाणाहून पाहतो आणि 'मंडे' हा शब्द ऐकणाऱ्याला उचलून सोमवारी नेऊन ठेवतो. एका वाक्यात दोन्हीकडे उभे राहता येत नाही. म्हणून एकतर 'आय हॅव सेंट द लेटर' म्हणा, म्हणजे पत्र गेले आहे, आता तुमच्याकडे असेल; नाहीतर 'आय सेंट द लेटर ऑन मंडे' म्हणा. केव्हा ते सांगितले की 'हॅव' गळतो, हा एवढा एक नियम अंगवळणी पडला तरी कार्यालयीन पत्रांतल्या काळांच्या बऱ्याच चुका नाहीशा होतात. नोकरीच्या अर्जांत 'आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१२' हे वाक्य मी इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की आता हात आपोआप 'हॅव'वर काट मारतो.

एकाच घटनेकडे दोन ठिकाणांहून कसे पाहता येते, याला माझ्या वर्गातले नेहमीचे उदाहरण क्रिकेटचे आहे. सचिन तेंडुलकरने १६ मार्च २०१२ रोजी मिरपूरला बांगलादेशविरुद्ध आपले शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक केले. त्या संध्याकाळी कोणी 'सचिन हॅज स्कोर्ड हिज हंड्रेड्थ सेंचुरी' म्हटले असेल तर ते बरोबर होते, कारण बातमी ताजी होती आणि भर होता तो आता त्याच्या नावावर शंभर शतके जमा आहेत यावर. आज आपण तारीख देऊन सांगतो तेव्हा मात्र 'सचिन स्कोर्ड हिज हंड्रेड्थ सेंचुरी इन मार्च २०१२' असेच म्हणावे लागते. पुढची पायरी अशी की नोव्हेंबर २०१३ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याची कसोटी कारकीर्द २०० सामन्यांवर थांबली. ते खाते बंद झाले, त्यामुळे 'ही प्लेड टू हंड्रेड टेस्ट्स'. जो खेळाडू आजही खेळतो आहे आणि ज्याचा आकडा उद्या वाढू शकतो, त्याच्याबद्दल 'ही हॅज प्लेड फिफ्टी टेस्ट्स'. येथे तारीख कोठेही दिलेली नाही, तरी काळ बदलला. म्हणजे कसोटी तारखेच्या शब्दाची नसून कालावधी बंद झाला आहे की उघडा आहे याची आहे. सकाळी अकरा वाजता 'हॅव यू सीन द मॅनेजर धिस मॉर्निंग?' असे विचारतात, आणि तोच प्रश्न दुपारी चार वाजता विचारायचा तर 'डिड यू सी द मॅनेजर धिस मॉर्निंग?' असा विचारतात, कारण सकाळ संपलेली असते. मराठीत दोन्ही वेळा 'साहेब दिसले का?' एवढ्यावर भागते.

'हॅड'चे दुखणे याहून जुनाट आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. 'मी काल तुम्हाला मेल पाठवला होता' हे वाक्य आपण दिवसातून चारदा बोलतो. यातला 'होता' काय करतो ते पाहा. तो घटनेला किंचित मागे ढकलतो, आठवण करून देतो आणि 'तुम्ही उत्तर दिले नाहीत' ही तक्रार सौम्यपणे सुचवतो. नुसते 'पाठवला' म्हटले तर वाक्य आपल्या कानाला उघडे पडल्यासारखे वाटते, आणि प्रश्नकर्त्यांना जो अपुरेपणा जाणवतो तो हाच. इंग्रजीतल्या 'हॅड'कडे मात्र ही सौम्यता नाही. त्याचे काम एकच : भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घडून गेली होती हे दाखवणे. त्यामुळे 'आय हॅड सेंट यू अ मेल यस्टरडे' एवढेच ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. कशाच्या आधी पाठवला होता? ते 'कशाच्या' येतच नाही आणि वाक्य लोंबकळत राहते. येथे 'आय सेंट यू अ मेल यस्टरडे' पुरेसे आहे. आठवणीचा आणि सौम्यतेचा सूर हवाच असेल तर तो काळातून नव्हे, शब्दांतून आणावा लागतो, जसे की 'आय वंडर इफ यू हॅव हॅड अ चान्स टु सी द मेल आय सेंट यस्टरडे'.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुण्याच्या कार्यालयातून चेन्नईच्या कार्यालयाला असा 'हॅड' गेला तर कोणाचेही काही अडत नाही, कारण भारतीय इंग्रजीत तो सर्वत्र रुळला आहे आणि अनेक भारतीय भाषांत 'होता'सारखीच सोय असल्यामुळे वाचणाऱ्यालाही तो खटकत नाही. त्याला अशिक्षितपणाचे लक्षण समजणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. पण परदेशी ग्राहकाला लिहायचे असेल, किंवा इंग्रजीचे ज्ञान तपासणारी आयईएलटीएससारखी परीक्षा द्यायची असेल, जेथे लेखन आणि संभाषण या दोन्ही विभागांत गुणांचा चौथा हिस्सा व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा यांवर असतो, तेथे हा फरक माहीत असलेला बरा.

'हॅड' योग्य रीतीने कोठे येतो हे दादरच्या फलाटावर उभे राहून सहज कळते. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे मी पोहोचलो तेव्हा गाडी आधीच सुटली होती आणि मला शेपटाचा दिवाही दिसला नाही. 'व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे मी पोहोचलो आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी हलली. येथे मराठीतले 'सुटली होती' आणि 'सुटली' हे अगदी तंतोतंत तेच काम करतात, म्हणून अशा जोडवाक्यांत आपली चूक सहसा होत नाही. चूक होते ती एकट्या वाक्यात. तेव्हा 'हॅड' लिहिण्याआधी भूतकाळातली ती दुसरी घटना कोणती, हे स्वतःला विचारावे. ती त्या वाक्यात किंवा आसपासच्या वाक्यांत कोठेच नसेल, तर साधा भूतकाळ वापरावा.

प्रश्नात 'गॉन'चा उल्लेख आहे म्हणून त्याची खास खोच सांगतो. 'तो नागपूरला गेला आहे' म्हणजे तो अजून तेथेच आहे. 'तो नागपूरला गेला होता' म्हणजे बहुधा जाऊन परत आला. मराठी हा फरक 'आहे' आणि 'होता' यांनी करते, तर इंग्रजी तो 'गॉन' आणि 'बीन' यांनी करते : 'ही हॅज गॉन टु नागपूर' आणि 'ही हॅज बीन टु नागपूर'. दोन्हीकडे 'हॅज'च आहे. जाऊन आलेल्या माणसासाठी आपण 'ही हॅड गॉन' म्हणतो आणि तेथेच फसतो. मुलाखतीत 'हॅव यू गॉन टु जर्मनी?' असे समोरच्याला विचारणे तर विनोदीच आहे, कारण तो जर्मनीला 'गॉन' असता तर तुमच्या समोर कसा बसला असता?

आता 'पासून' या शब्दाकडे वळू. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्दयोगी अव्यय चालते आणि क्रियापद वर्तमानकाळात राहते : 'मी येथे दहा वर्षांपासून काम करतो'. त्यातून 'आय ॲम वर्किंग हियर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य जन्माला येते, ज्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू सांगताना 'सिन्स' आणि लांबी सांगताना 'फॉर' लागतो. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, म्हणजे मागे सुरू होऊन आजपर्यंत पोहोचलेली गोष्ट इंग्रजी नुसत्या वर्तमानकाळात मांडत नाही, तिला 'हॅव'चा पूल लागतो : 'आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टेन इयर्स'. 'मी दहा वर्षे काम करीत आलो आहे' ही मराठी रचना त्याला सर्वांत जवळची आहे. मनात आधी हे वाक्य आणा, मग इंग्रजी आपोआप नीट उतरते.

'काय करतोस?' हा मराठी प्रश्न फोनवर विचारला तर त्याचा अर्थ 'या क्षणी काय चालले आहे' असा होतो आणि लग्नाच्या बैठकीत विचारला तर 'नोकरी कोठे' असा होतो. इंग्रजी या दोन अर्थांना दोन कप्पे देते : 'व्हॉट आर यू डूइंग?' आणि 'व्हॉट डू यू डू?'. सवयीच्या, कायमच्या गोष्टींना साधा वर्तमानकाळ आणि चालू, तात्पुरत्या गोष्टींना 'आयएनजी' ही वाटणी शाळेत शिकवतात आणि ती ठीकच आहे. अडचण येते ती मनाच्या क्रियापदांशी. आपण 'मला समजतंय', 'मला आठवतंय', 'मला वाटतंय' असे चालू रूप सर्रास वापरतो, म्हणून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' आणि 'आय ॲम रिमेंबरिंग' अशी वाक्ये तयार होतात. समजणे, आठवणे, माहीत असणे, जवळ असणे या इंग्रजीच्या दृष्टीने स्थिती आहेत, क्रिया नव्हेत, आणि स्थितीला सहसा 'आयएनजी' लागत नाही. म्हणून 'आय हॅव टू चिल्ड्रन', 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन' नव्हे, कारण त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ जुळी होणार आहेत असा घेतला जाण्याची शक्यता आहे. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र चालते, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जेवणे, आणि जेवणे ही क्रिया आहे.

'आय डिडन्ट वेंट' ही चूक मुले करतात असे मानले जाते, पण चांगले पदवीधरही घाईत करतात, आणि तिचे मूळही मराठीतच आहे. 'मी गेलो'चा नकार करताना आपण 'गेलो' तसेच ठेवून पुढे फक्त 'नाही' जोडतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावरून उठून 'डिड'वर जाऊन बसते आणि मागे मूळ धातू उरतो. खूण एकच असते, ती दोन ठिकाणी लावायची नाही. 'डज ही गोज'चेही तेच.

जर-तरची वाक्ये मात्र खरोखर लक्ष देण्याजोगी आहेत. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' या वाक्यात पाऊस उद्याचा आहे, पण क्रियापद 'पडला' असे भूतकाळी रूपात आहे. इंग्रजीत येथे साधा वर्तमानकाळ येतो : 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड'. मराठीच्या ओढीने 'इफ इट रेन्ड' म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटते की पावसाची शक्यता तुम्ही फारशी धरलेली नाही, नुसती कल्पना करता आहात. 'इफ इट विल रेन' हेही चुकीचेच, आणि 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' हे त्याचेच भावंड. 'तो येईल तेव्हा सांगेन' यातला 'येईल' आपण जसाच्या तसा उचलतो, पण इंग्रजी 'व्हेन'नंतरच्या भागात तो स्वीकारत नाही, 'व्हेन ही कम्स' म्हणते. घडून न गेलेल्या गोष्टींबद्दल मराठी दोन्ही अंगांना सारखेच वागवते : 'मला कळले असते तर मी आलो असतो'. 'असते' आणि 'असतो' अशी दोन्हीकडची जोडी दिसल्यामुळे 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम' असे दुहेरी 'वुड' पडते. प्रमाण लेखी इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला 'हॅड नोन' आणि दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव कम' अशी विषम जोडी लागते.

वाटेत एक गंमत लक्षात येते ती अशी की भूतकाळाचे रूप म्हणजे भूतकाळच, असे दोन्ही भाषांत नाही. जिन्यावरून हाक आली की आपण जागचे न हलता 'आलोच' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'आय केम' नव्हे, 'आय ॲम कमिंग' म्हणतात. उलट 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणणारा इंग्रज अजून खुर्चीतच बसलेला असतो.

भविष्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे मराठी आपल्याला बरीच साथ देते. 'येणार आहे' येथे 'गोइंग टु', 'उद्या येतोय' येथे 'आय ॲम कमिंग टुमॉरो', आणि ऐन वेळी ठरवून म्हटलेल्या 'थांबा, मी येतो' येथे 'आय विल कम'. 'आय कम टुमॉरो' मात्र नको. साधा वर्तमानकाळ भविष्यासाठी मुख्यतः वेळापत्रकाला लागतो : 'द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेवन फिफ्टीन'.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी त्याचे शब्द तसेच ठेवते : 'तो म्हणाला की मी येतो'. इंग्रजी ते बोलणे सांगणाऱ्याच्या बाजूने पाहते, म्हणून 'मी'चा 'तो' होतो आणि 'विल'चा 'वुड' होतो : 'ही सेड दॅट ही वुड कम'. बैठकीचे इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी याकडे विशेष पाहावे.

सरावासाठी वेगळे पुस्तक घेण्याऐवजी मी इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी रोज हातात पेन्सिल घेऊन वाचायला सांगतो. बातमीचे पहिले वाक्य पुष्कळदा 'द गव्हर्नमेंट हॅज अनाउन्स्ड' असे 'हॅज' घेऊन येते, कारण ते आजच्या ठिकाणाहून सांगितलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वार किंवा तारीख आली की 'द मिनिस्टर सेड ऑन मंडे' असा साधा भूतकाळ सुरू होतो, आणि मंत्र्यांच्या बोलण्याच्याही आधीची पार्श्वभूमी सांगायची वेळ आली की 'हॅड' उगवतो. या तिन्ही जागांखाली रेघ मारावी आणि प्रत्येक वेळी काळ का बदलला ते समासात मराठीत लिहावे. मथळे मात्र या अभ्यासातून वगळावेत. २९ जून २०२४ रोजी भारताने बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, त्यावर 'इंडिया विन वर्ल्ड कप' असा वर्तमानकाळी मथळा दिला जातो, पण पत्रात तसे लिहिण्याची सवलत आपल्याला नाही. अमेरिकन लेखन वाचत असाल तर आणखी एक फरक भेटेल : ब्रिटिश माणूस 'हॅव यू ईटन येट?' विचारतो तेथे अमेरिकन माणूस खुशाल 'डिड यू ईट येट?' विचारतो. त्यामुळे तुमचा 'हॅव' कोणी अमेरिकन सहकाऱ्याने गाळला, तर तो दुरुस्ती म्हणून घेऊ नये. तुम्ही लिहिलेलेही बरोबरच असते.